पंखवालीचा शेवट

किसनने, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने, मला फसवलं. एका सिनेमाचा शेवट त्याने मला खोटा सांगितला आणि त्याच्या बदल्यात माझ्याकडून आठ दिवस गुरं पाण्यावर नेऊन घेतली. मी तेव्हा नुकती सातवी पास झालेली पोर होते. आज माझे केस पांढरे झालेत, जुन्नरच्या बाजारात माझी स्वतःची हिरड्याची वखार आहे, आणि ही फसवणूक मला कळली ती या वैशाखात.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याशी एकदा सौदा करून बघावा. पोत्यात एक मूठ ओला हिरडा निघाला तर मी अख्खं पोतं परत पाठवते. माणसं मला तिरसट म्हणतात. म्हणू देत. तिरसट नसते तर त्या बाजारात मला कुणी बसायला जागा दिली नसती.

वैशाख लागला की मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून माल बघायला निघते. घोडेगाव मागे पडतं, शिनोलीचा स्टँड येतो, आणि मी काच खाली करते. पुढे चढ लागला की दोन्ही बाजूंच्या कातळावर हिरडा वाळत घातलेला दिसतो. वाळत्या हिरड्याला वास नसतो, असं शहरातली माणसं म्हणतात. असतो. तो नाकाला कळत नाही, जिभेला कळतो. तोंड आतून आवळून येतं आणि मागून पाणी सुटतं. तेवढ्यात मी बारा वर्षांची होते. दर वर्षी, त्याच वळणावर. ड्रायव्हर विचारतो, "मंदाआक्का, झोपला का?" मी म्हणते, "तू पुढं बघ."

हिरडा आमच्या वाडीत दोन कामांचा होता. झाडावर चढून फांद्या झोडपायच्या, हे पोरांचं काम. खाली पडलेला वेचायचा, कातळावर पसरायचा, दिवसातून दोनदा हलवायचा आणि ऊन उतरायच्या आत पोत्यात भरायचा, हे पोरींचं. वैशाखात दुपारनंतर ढग कधी भरून येतील याचा नेम नसतो. वाळत आलेल्या हिरड्यावर चार थेंब पडले तरी तो पांढरा पडतो, बुरशी धरतो. म्हणून पोरं सकाळी दहाला मोकळी व्हायची आणि पोरी संध्याकाळी. याला कुणी अन्याय म्हणत नव्हतं. झाड पोरांचं, जमीन पोरींची, इतकं ते साधं होतं. आमच्या बोटांची टोकं दोन महिने काळी असायची. ती साबणाने जात नाहीत. कातडी बदलते तेव्हाच जातात.

त्या उन्हाळ्यात वाडीत व्हिडिओ आला. घोडेगावचा एक माणूस जीपमध्ये टीव्ही आणि मशीन घालून वाड्यावाड्यांत फिरायचा. शाळेच्या खोलीत गुरुजींच्या टेबलावर टीव्ही ठेवायचा, खिडक्यांना पोती लावून अंधार करायचा, आणि दुपारी तीनला खेळ सुरू करायचा. माणशी मापटंभर वाळलेला हिरडा, हे तिकीट. दाराशी पोतं उघडं ठेवून तो बसायचा आणि प्रत्येकाचं मापटं हाताने सपाट करून घ्यायचा. शिगेचं घेत नाही, मी काही लुटारू नाही, असं म्हणायचा. त्याच्याकडून मी एक गोष्ट शिकले. घेताना मोठेपणा दाखवावा, म्हणजे देणारा मोजत नाही.

पोरं पुढे, टीव्हीच्या पायाशी. पोरी मागे, दाराशी. कारण सांगायला नको. हिरडा भरायची हाक आली की उठता यावं.

आणि हाक यायचीच. सिनेमा ऐन रंगात आलेला असायचा आणि दार किलकिलं होऊन उन्हाची एक तिरीप टीव्हीवर पडायची. पोरं ओरडायची. दारात आमची चुलती उभी असायची, कमरेवर हात ठेवून.

"ए पोरींनो, उन्हं खाली आली. हिरडा कोण भरणार, तुमचा राजपुत्र?"

आम्ही सहा-सात जणी उठायचो. मागून पोरं म्हणायची, "दार लावा गं, दार लावा." आम्ही दार लावायचो. त्या दोन महिन्यांत आमच्या वाडीने सात-आठ सिनेमे पाहिले असतील. पोरांनी ते पूर्ण पाहिले, असंच आम्ही धरून चाललो. आम्ही एकाचाही शेवट पाहिला नाही. आजही मला कुणी सिनेमाची गोष्ट सांगू लागलं की शेवट येण्याआधी मी सवयीने उठते. माझी सून हसते. तिला वाटतं मला कंटाळा आला.

त्यातला एक पंखवालीचा. सिनेमाचं खरं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. कॅसेटवरची चिठ्ठी फाटलेली होती आणि सिनेमा हिंदी होता. आमच्यातल्या कुणाला हिंदी धड येत नव्हतं. डोंगरावर एका म्हातारीजवळ वाढलेली एक पोर असते. एका सकाळी तिची पाठ खाजायला लागते आणि पाठीतून पंख फुटतात. ती ते घोंगडीखाली लपवते. शिकारीला आलेला राजपुत्र ते पाहतो. काळ्या किल्ल्यातल्या राक्षसाला ते पंख हवे असतात. तो राजपुत्राला धरून साखळीने बांधतो, आणि पंखवाली किल्ल्याच्या तटावर येऊन उभी राहते. वारा सुटलेला. खाली राजपुत्र, मागे राक्षस, समोर नुसतं आभाळ. ती पंख उघडते. एवढ्यात आमचं दार उघडलं.

आम्ही कातळावर आलो. हिरडा अजून उन्हाने गरम होता. तळवे भाजत होते. आम्ही ओंजळीने पोत्यात भरायला लागलो आणि कायम पहिली बोलणाऱ्या सुमनने, माझ्या मैत्रिणीने, विचारलं,

"मला येक सांगा, ती झोपत कशी आसंल?"

"पालथी."

"आन पोलकं?"

"पाठ उघडी ठिवायची. बंदाचं शिवायचं."

"अगं बया! शिंप्याला काय सांगणार मंग?"

"सांगायचं, पाठीला गळू झालंय."

हसून हसून एकीच्या हातातला हिरडा सांडला. पण प्रश्न थांबेनात. आमच्या घरांची दारं इतकी खालची, ती वाकली तरी आत येईल का? पंख अडकतील. मग ती पडवीत झोपेल. पाऊस आला तर? पंख पांघरेल. ओले झाले की जड होतील, आणि भिजलेल्या कोंबडीसारखा वास येईल. मग चुलीपाशी वाळवायचे का? ठिणगी पडली तर? न्हायचं कसं? विहिरीवर बायकांत बसली तर बायका काय म्हणतील?

मी म्हटलं, "आपल्याला काय करायचंय बायकांचं? तिला हिरड्याच्या शेंड्याव बसवायची. वरचा सगळा हिरडा ती झोडपंल. पोरांची गरजच न्हाई."

सगळ्यांच्या ओंजळी तशाच थांबल्या. मी काही तरी फार वावगं बोलले असं मला वाटलं. मग सुमन हळूच म्हणाली, "आन आपल्याला बी वर नील का गं?" आम्ही परकरातल्या पोरी, झाडावर चढायची परवानगी कुणालाच नव्हती. शेंड्यावरून शिनोलीचा रस्ता दिसतो, भीमाशंकरला जाणारी एसटी दिसते, असं पोरं सांगायची. ते खरं की खोटं हे आम्हाला माहीत नव्हतं.

मी आयुष्यात पुष्कळ मिळवलं. कुणी दिलं नाही, मिळवलं. पण ती संध्याकाळ मला परत मिळाली तर अख्खी वखार देईन, असं कधी कधी वाटतं. घासाघीस न करता देईन. पोत्याला दोन बाजूंनी धरून, तोंडाने त्या पंखवालीचा संसार मांडत आम्ही वाडीकडे चाललो होतो आणि गोष्ट अर्धी होती. अर्धी होती म्हणूनच ती आमची होती.

पोरांचं निराळं. दुसऱ्या दिवशी हिरडा झोडपून झाल्यावर त्यांनी त्याच काठ्यांच्या तलवारी केल्या. राक्षस कोण व्हायचं यावर भांडणं. राजपुत्र व्हायला दोघंच तयार, राक्षस व्हायला सगळे, कारण राक्षसाला जास्त मारामारी करायला मिळते. किसनने गळ्यात पोतं बांधलं आणि खालच्या फांदीवरून उडी मारली. कोपर फुटलं. रक्त आलेलं सगळ्यांना दाखवत फिरला. मी विचारलं, "आन पंखवाली कोण?" ती त्यांच्या खेळात नव्हतीच. पंख होते, ते किसनच्या गळ्यात होते.

आम्ही तिला घरात कशी ठेवायची याचा विचार करत होतो. तिला किती जागा लागेल, काय त्रास होईल, आपल्याला काय मदत होईल. पोरांनी तिच्यातलं हवं तेवढं उचललं आणि अंगावर घातलं. आम्ही तिच्याशी नीट ठरवून घेत होतो. पोरं उचलून मोकळी. धंद्यात मी दोन्ही जातीची माणसं पाहिली आहेत. दुसऱ्या जातीची माणसं लवकर मोठी होतात, हे मी मान्य करते. पहिल्या जातीची माणसं रात्री नीट झोपतात, असं मात्र मला कुणी सांगू नये. तीही जागीच असतात, विचार करत.

शेवट मला हवा होता. बाकीच्यांचं मला माहीत नव्हतं, मला हवा होता. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा, व्यवहार पूर्ण झाल्याशिवाय चैन पडत नाही. किसन गोठ्यापाशी बसून कोपरावरची खपली बघत होता.

"दादा, म्होरं काय झालं रं?"

"सांगीन. काय देती?"

"काय पायजे?"

"आठ दिस गुरं पाण्याव तू न्यायची."

"चार."

"आठ."

"अरं, दोन तास म्या बघितलाय पिच्चर. राहिला अर्धा घंटा. अर्ध्या घंट्याचं आठ दिस?"

"शेवटाचा भाव येगळा आसतो, मंदे."

आयुष्यातला माझा पहिला सौदा तो, आणि मी हरले. हे एवढं वाक्य मात्र मी फुकट घेतलं आणि बाजारात शंभरदा वापरलं. शेवटचं पोतं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी हेच सांगते.

आठव्या दिवशी त्याने शेवट सांगितला. गुरं पाणी पीत होती, आम्ही दगडावर बसलो होतो. तो म्हणाला, पंखवाली तटावरून खाली उतरते. राक्षस म्हणतो, पंख दे, राजपुत्राला सोडतो. मग ती आपल्या हाताने एक पंख काढते, मग दुसरा. राक्षसाच्या पायाशी ठेवते. साखळ्या गळून पडतात. राजपुत्र राक्षसाला मारतो, आणि मग दोघांचं लगीन. सगळी माणसं टाळ्या वाजवतात.

"दुखलं का रं तिला?"

तो थांबला. क्षणभरच थांबला. आज मी हिरड्याची मूठ कानाशी नेऊन हलवते आणि ओला किती, वाळलेला किती ते आवाजावरून सांगते. तेव्हा तो थांबला ते मला ऐकू आलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "हसत व्हती."

त्यानंतर पंधरा दिवसांत गुरुजी आमच्या घरी आले. बाबांना म्हणाले, पोरगी हुशार आहे, आठवीला घोडेगावला घाला, मुलींच्या वसतिगृहात जागा आहे, मी शब्द टाकतो. आई चुलीपाशी थांबली. बाबांनी खूप वेळ तंबाखू मळली. मला वाटलं आता नाही म्हणतील. पण आमचे बाबा साधे होते, आणि त्या दिवशी तर फार मोठे होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मंदे, जाती का? तुझ्या मनात काय आसंल ते सांग. हिरड्याचं मी बघीन."

मी नाही म्हणाले.

मला कुणी दटावलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. मी आपणहून, मान ताठ ठेवून नाही म्हणाले. आई एकटी पडेल, धाकटी दोघं आहेत, हिरडा आहे. हे सगळं खरं होतं. पण मी ते ज्या सुखाने म्हणाले ते सुख माझं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे ती तटावरून खाली उतरत होती. आपल्या हाताने एक काढते, मग दुसरा. हसत. नाही म्हणताना मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. आता सगळे टाळ्या वाजवतील असं वाटलं. गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि टोपी घातली. बाबा म्हणाले, "बरं. तुझी मर्जी."

एका सिनेमावर आयुष्याचं खापर फोडते असं कुणी म्हणेल. मीही स्वतःला हे म्हणून पाहिलं आहे. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात काय काय असतं, त्यात एक सिनेमा. पण मी हिरडेवाली आहे. पोत्यात काय काय आहे ते मला बोटाने चाचपून कळतं. त्या दिवशीच्या माझ्या "नाही" मध्ये आईची दया मूठभर होती, भीती मूठभर होती, आणि बाकी सगळी पंखवाली होती.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. जुन्नरला दिली. नवरा बाजारात हमाली करायचा, चांगला माणूस होता. माहेरच्या हिरड्याची एक गोणी मी एसटीच्या टपावर टाकून आणली, तिथून सुरुवात केली. लोक हसले, मग चिडले, मग माझ्याकडे भाव विचारायला यायला लागले. सगळं जमलं. पण कचेरीतला इंग्रजी कागद समोर आला की मी म्हणते, चष्मा विसरले. चष्मा गळ्यातच असतो. समोरचा साहेब तो बघतो आणि कागद वाचून दाखवतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जी सभ्यता असते ती मला भावात नडलेल्या दहा गिऱ्हाइकांपेक्षा जड जाते. आणि घोडेगावात शाळा सुटायच्या वेळेला टेम्पो पोचला, की वेणीच्या पोरींचा घोळका रस्ता अडवून चाललेला असतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. मी त्याच्या हातावर चापट मारते. जाऊ देत त्यांना. सावकाश जाऊ देत.

या वैशाखात किसनकडे माल बघायला गेले तेव्हा त्याची थोरली लेक सुट्टीला आली होती. तिची दोन पोरं, ओम नऊ वर्षांचा आणि आर्या सात वर्षांची, पडवीत मोबाईल लावून बसली होती. कसल्याशा परीचं कार्टून. ओम बोटाने सारखं पुढे ढकलत होता, मारामारी आली की थांबत होता. आर्या म्हणत होती, "मागं घे ना, मागं घे, तिचं घर दिसलंच न्हाई." शेवटी ओम उठला, टॉवेल पाठीला बांधला आणि ओट्यावरून उडी मारली. आर्या मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली.

"जुन्नरची आजी, हिचं पंख फ्रॉकच्या आतून येत्यात का भाईरून?"

पस्तीसेक वर्षांनी तोच शिंप्याचा प्रश्न.

मी तिला मांडीवर घेतलं आणि आमचा पंखवालीचा सिनेमा सांगितला. म्हातारी, घोंगडी, काळा किल्ला. ओमही येऊन बसला. किसन समोर सुपारी कातरत होता. मी तटापर्यंत आले, आणि शेवटही सांगितला, किसनने सांगितला होता तसा. एक पंख काढते, मग दुसरा.

आर्या म्हणाली, "पण कशाला? उडता येतंय ना तिला?"

आणि किसन हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला.

"मंदे, तुला आजून त्यो शेवट ध्यानात हाय? अगं, त्यो म्या लावल्याला. तुमी पोरी गेला, आन पाच मिनटात मशीनमंदी फीत गुरफाटली. टीव्ही काळा! त्या व्हिडिओवाल्यानं आतडी काढावी तशी फीत भाईर वढली, तुटली, आन हिरड्याचं पोतं घिऊन पळाला. शेवट कुणी बघितलाय!"

"कुणीच न्हाई?"

"कुणीच न्हाई. आमी ठरावलं, पोरींना सांगायचं न्हाई. न्हायतर हसला आसता तुमी, मापटंभर हिरडा गेला म्हनून. ज्यानं त्यानं आपल्या भैनीला काय सांगायचं ते सांगावं."

"आन तू मला ते सांगितलंस."

"सुचलं ते सांगितलं. तुला शेवट पायजे व्हता, मला गुरं न्यायची नव्हती. आता एवढं काय धरून बसली, राव?"

मी उठले. त्याचं पोतं उघडलं, मूठभर हिरडा हातात घेतला, कानाशी हलवला आणि म्हटलं, ओला आहे, नको. हिरडा खडखडीत वाळलेला होता, असा माल या वर्षी मी दुसरीकडे पाहिला नाही. किसनलाही ते कळलं आणि ड्रायव्हरलाही. पोतं तसंच ठेवून मी टेम्पोत बसले. चूक माझी आहे, ती मी इथे लिहून ठेवते. पण त्या क्षणी माझ्याजवळ दुसरं काही मारण्यासारखं नव्हतं.

घरी पोचायच्या आधी सुमनला फोन लावला. सुमन आणे गावाच्या पठारावर दिलेली, तिथे हिरड्याचं झाड औषधालाही नाही.

"सुमे, पंखवालीचा शेवट तुला कुणी सांगितला व्हता?"

"आमच्या बाळूनं. का गं? एवढ्या वर्सांनी?"

"काय सांगितला?"

"तिचं पंख दिव्याव जळत्यात ना. राजपुत्र तिला तळ्यात टाकतो, आन वाचिवतो. मंग ती बिनपंखाची, पर लई देखणी दिसती." ती थांबली. "त्या शेवटापायी माझ्या वाटणीचं आंबं गेलं."

पुढच्या आठवड्यात माल बघत फिरताना मी बाकीच्यांनाही गाठलं. त्या घोळक्यातल्या चार जणी अजून याच पट्ट्यात आहेत. एकीला तिच्या भावाने सांगितलं होतं, पंख म्हणजे शाप होता, लग्नाची हळद लागली आणि ते गळून पडले. एकीला सांगितलं, राक्षस पंख तोडतो आणि राजपुत्र तिला पाठीवर घेऊन घरी नेतो. एकीच्या भावाने पंख राजपुत्रालाच देऊन टाकले, म्हणजे तो चांगला उडेल. चौथी म्हणाली, "मला त्यानं एवढंच सांगितलं, शेवटी समदं नीट व्हतं." मी विचारलं, नीट म्हणजे? ती म्हणाली, "म्हंजी पंख जात्यात."

शेवट काय सांगायचा ते कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. किसन शपथेवर सांगतो, एकमेकांना विचारलंही नव्हतं.

ते मी सुमनला पुन्हा फोन करून सांगितलं. फीत तुटली होती, बाळूनेही काही पाहिलं नव्हतं, कुणीच पाहिलं नव्हतं. आण्याला वारा फार, तो फोनमधून ऐकू येत होता.

"मंदे," ती म्हणाली, "म्हंजी ती उडून गेली आसंल?"

"ठाव न्हाई."

"आसंल पर."

"आसंल."

मग आम्हा दोघींपैकी कुणीही फोन ठेवला नाही.

किसन दुष्ट नाही. चौदा वर्षांचा पोरगा होता, त्याला गुरं न्यायची नव्हती. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात हाच भाऊ महिनाभर दवाखान्यात बसला होता. मी हेही समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे की पोरांना गोष्ट मिटवायची घाई असते. तलवार म्यानात गेली पाहिजे, राक्षस मेला पाहिजे, ज्याने त्याने घरी जाऊन जेवलं पाहिजे. आभाळात कुणी तरी तसंच राहिलं तर खेळ संपत नाही. आम्हाला तो संपायला नकोच होता. आम्हाला ती कुठे निजेल एवढंच हवं होतं. आर्याला आजही तेवढंच हवं आहे. पण समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. समजून घेतल्यावर भाव ठरतो, सौदा मिटत नाही.

किसन रोज फोन करतो. म्हणतो, मंदे, पोतं घेऊन जा, इतक्या वर्षांचं नातं तोडू नको. पोतं मी नेईन, योग्य भावाने नेईन, ओला म्हटल्याबद्दल चारचौघांत चूक कबूल करीन. मला माफी नको आहे. माझी आठवी मला कुणी परत देणार नाही, तीही मी मागत नाही. मला एक उत्तर पाहिजे, आणि ते एकट्या किसनकडून नको. बाळूकडून, त्या वेळी टीव्हीच्या पायाशी बसलेल्या एकूण एक पोराकडून पाहिजे. आता सगळे आजोबा झालात. शांतपणे बसा आणि सांगा.

फीत तुटली होती. टीव्ही काळा होता. तुम्हाला कुणी काही दाखवलं नव्हतं, कुणी काही शिकवलं नव्हतं. तटावर ती पंख उघडून उभी होती आणि पुढचं सगळं तुमच्या हातात होतं. तुमच्यातल्या एकालाही, चुकून सुद्धा, ती उडाली असं का सुचलं नाही?

बोल दादा. मी ऐकते आहे. या वेळी शेवट होईपर्यंत उठणार नाही.